आप्पाजींचा नेम आणि रेशमी लुगडं

खुळखुळ... खुळखुळ. चुलीवर भात रटरटत होता, बाकी घर सकाळपासून गप्प. एवढ्याशा आवाजानंही रत्नाबाई दचकली. पाहते तर उंबऱ्याबाहेर पाच वर्षांची चंपा कानाशी काहीतरी धरून हलवत बसलेली.

"आत यायचं नाही हं. आई सोवळ्यात आहे."

"माहीत आहे. हे बघ, परसूमामानं दिलाय. कोष!"

परसू हा रत्नाबाईचा धाकटा भाऊ, रेशमाचा धागा काढायच्या कारखान्यात कामाला. काल येऊन गेला होता. "खेळ तिथंच," म्हणून रत्नाबाई भाताकडे वळली. आज सासऱ्यांचं, आप्पाजींचं वर्षश्राद्ध. भोपळ्याची भाजी व्हायची होती, वडे तळायचे होते, आणि पानं वाढायच्या आत नवऱ्याला एक उत्तर द्यायचं होतं.

सकाळीच प्रतापराव दाराशी घुटमळले होते. "आप्पाजी होते तोवर पाळलं, गेल्यावरही वर्षभर पाळलं. उद्या रविवार. मटण आणू का? तू म्हणशील तसं. सरी? चालेल ना?"

गंमत अशी, की आप्पाजींमुळे घराला मटण न खाण्याचा नेम लागला तेव्हा सगळ्यात जास्त रुसली होती ती रत्नाबाईच. चामराजपेटेतल्या त्यांच्या गल्लीत रविवारी कुणी मटणाचा मसाला परतायला लागलं, की ती उगीच मागच्या दारी जाऊन वास घेत उभी राही.

चंपाच्या जावळाला बोकड आणला होता. पंधरा दिवस आप्पाजींनीच त्याला फणसाचा पाला घातला. कापायच्या दिवशी गडी सुरा घेऊन आला, तर बोकड सरळ आप्पाजींपाशी गेला आणि त्यांचा तळहात चाटू लागला. आप्पाजी कितीतरी वेळ हात तसाच धरून उभे. मग म्हणाले, "सोडा त्याला. देवीला कोहळा द्या." पाहुणे कुजबुजले, चुलते हंबीरराव तर "मराठ्याच्या घरात कोहळा!" म्हणून न जेवताच उठले. बोकड मात्र राहिला, आणि शेजारणीची कनकांबराची फुलं खाऊन म्हातारा झाला.

त्या दिवसापासून घरात मटण नाही, अंडं नाही. पण आप्पाजी तेवढ्यावर थांबले नाहीत. चढ आला की जटक्यातून उतरून घोड्याच्या बाजूनं चालत. दारात गाय आणून दूध काढणाऱ्या गुंडोला सांगत, "आधी वासराला पोटभर पिऊ दे रे. आमची कॉफी स्वल्प काळी चालेल."

आणि एकदा सांडलेल्या दुधापायी रत्नाबाईनं चंपावर हात उगारला होता, तेव्हा झोपाळ्यावरून आप्पाजी हलकेच म्हणाले होते, "रत्ना, बोकडाला सोडलं ना आपण?"

तिला हसूही आलं होतं आणि रडूही. तो हात नंतर कधी उठला नाही. एका मटणाबरोबर या घरातून आणखी काय काय निघून गेलं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

प्रतापराव भटजींना घेऊन आले. तिनं नवऱ्याला बाजूला बोलावलं.

"अहो, नको. आणू नका. आप्पाजींचा नेम आहे, आपण चालवू या. चंपालाही तोच लावू."

"आणि मागच्या दारी उभी राहायचीस ती?"

"ती होती कुणी दुसरी," ती म्हणाली. तेही हसले, आणि मान डोलावून पानं मांडायला गेले.

रत्नाबाईनं समाधानानं पदर सावरला. मोरपंखी लुगडं, नेम लागल्यावरच्या पहिल्या दिवाळीला आप्पाजींनी स्वतः चिकपेटेतून निवडून आणलेलं. "रेशमाला विटाळ नाही, पोरी. सगळ्यात निर्मळ," म्हणाले होते. तेव्हापासून सणासुदीचा स्वयंपाक याच लुगड्यात.

खुळखुळ.

"आई, यात काय वाजतं माहीत आहे? किडा. मामा म्हणाला, तो आत निजलेला असतो, मग सगळ्यांना उकळत्या पाण्यात टाकतात. तुझं लुगडं यांचंच ना?"

रत्नाबाईच्या हातातली पळी भातावरच थबकली. "कोण म्हणालं तुला..."

"मामा. तो खोटं नाही बोलत." चंपानं कोष तळहातावर ठेवला आणि आप्पाजींसारखाच हात पुढे धरून विचारलं, "बोकडाला सोडलं, मग यांना का नाही सोडलं आप्पाजींनी?"