तुळशीची ओली जागा

“टीव्हीची पिन काढा! कुणी हात लावू नका!” गच्चीवरून दिनकर असा बोंबलत खाली आला, की प्रभाच्या हातातला चहा निम्मा बशीत गेला.

राजधानीत सरोजिनीनगरातल्या त्या सरकारी ब्लॉकमध्ये चार बिऱ्हाडं आणि गच्चीवर सगळ्यांचं मिळून एकच एरियल. प्रभाचा नवरा दिनकर मंत्रालयात क्लार्क, पण हात कायम वायरींत. चारही घरांत केबल त्यानंच ओढली होती. आणि आज नेमकी माशी शिंकली. वरच्या चढ्ढांच्या जुन्या सेटमधला करंट केबलीत उतरला आणि समोरच्या नायरबाईंना झटका बसला.

“अरे थोड़ा-सा ही तो लगा, यार! एशियाड शुरू होनेवाला है, चला दो!” चढ्ढा म्हणाले.

“अर्थिंग के बिना बिल्कुल नहीं.”

इकडे प्रभाचा जीव टांगणीला! तिची नीला आज स्टेडियमवर हजारो मुलांत नाचणार होती. महिनाभर घरात नुसतं ‘एक-दो-तीन-घूम’ चाललेलं. पोरगी टीव्हीवर येणार आणि आईनंच बघायचं नाही? हे काय भलतंच!

दिनकरनं अंगणात खड्डा खणून लोखंडी पाइप ठोकला. पण पाऊस सरून किती दिवस झालेले, माती ठणठणीत कोरडी. तपासायला बल्ब लावला तर तो नुसता मिणमिणला. घरात भरलेलं पाणी संपत आलेलं, नळाला यायचं ते संध्याकाळीच.

“ओली जागा हवी,” असं म्हणून तो तुळशीकडे बघत राहिला.

“तिथे? अहो, आठवड्यावर तिचं लग्न आलंय!”

“माहितीये गं. वर मीठ-कोळसा घालावा लागेल, म्हणजे तिथे परत काही जगायचं नाही. तू नको म्हणालीस तर नको.”

ते रोप प्रभाच्या आईनं वाईहून आणून लावलेलं. आई चैत्रात गेली. रोज आंघोळ झाली की तांब्याभर पाणी घालताना प्रभा तुळशीपाशी आईशी दोन शब्द बोलायची, कुणाला सांगायची नाही इतकंच. तिला रडू फुटलं. मग डोळे पुसून ती आत गेली आणि खडेमिठाची बरणीच घेऊन आली.

“पण रोप मी काढणार. तुम्ही हात लावायचा नाही.”

तुळस डालड्याच्या डब्यात गेली, पाइप तिच्या जागी. चारही केबलींच्या आवरणाखालच्या तारेच्या जाळ्या आणि एरियलचा खांब दिनकरनं एका तारेनं बांधून पाइपाला जोडला. बल्ब असा लखलखला, की चढ्ढा अंगणातच भांगडा नाचले! वर जाऊन त्यांनी सेट लावला, तर त्यांचाच फ्यूज फाटकन उडाला.

“उडू दे! शेजाऱ्याला झटका बसण्यापेक्षा बरं!” दिनकर हसला.

मग काय, सगळा ब्लॉक प्रभाच्या खोलीत घुसला. पडद्यावर मुलंच मुलं! “वो रही नीला!” “नहीं जी, वो!” प्रत्येकानं वेगळीच नीला दाखवली. प्रभाला एकही ओळखू येईना, पण टाळ्या वाजवून तिचे हात लाल झाले.

डब्यातल्या तुळशीनं चार-पाच दिवसांत मान टाकली. त्या वर्षी लग्न लागलं नाही.

“अर्थिंगची माती ओली ठेवायला हवी,” दिनकर चाचरत म्हणाला. “मी ओतत जाईन बादली.”

“राहू द्या.”

ओल्या केसांनी प्रभा तांब्या घेऊन अंगणात गेली. पाइपाच्या बुडाशी तिनं हळूहळू पाणी ओतलं आणि हात जोडले.

“नीला दिसली हं, आई,” ती म्हणाली. “अगदी पुढच्याच रांगेत होती.”