वकिलांची बाजू

वकील उभ्या जन्मात कधी कोर्टाची पायरी चढले नव्हते. ते तत्त्वज्ञान शिकवायचे. पण समोरच्याने तोंड उघडायचा अवकाश, यांचा आक्षेप तयार. म्हणून सगळे त्यांना वकीलच म्हणत. बाई समोरच्या मानसशास्त्र विभागात होत्या. दोघांचं कधी पटलं नाही आणि त्या न पटण्यातूनच त्यांनी केस पिकेपर्यंत एकत्र पुस्तकं लिहिली. ज्यांचं पटतं त्यांनी एकत्र लिहायचंच कशाला, असं वकील म्हणायचे.

ही बैठकही त्या दोघांनीच सुरू केलेली. ग्रंथालयावरची खोली, लांब टेबल, कधीच नीट न लागणारी खिडकी आणि मन म्हणजे काय यावर हमरीतुमरीवर येणारी आठ-दहा माणसं. नियम एकच, पण घाम फोडणारा. ज्याच्यावर आक्षेप घ्यायचा, त्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं, तेही इतकं चोख, की त्याने स्वतः "हो, हेच" म्हणावं. तोवर आक्षेपाचा अ काढायचा नाही. भले भले विद्वान या खोलीत रडकुंडीला आले होते. समोरच्याला मूर्ख ठरवून भांडणं फार सोपं असतं हो, आणि नेमकी तीच सोय इथे नव्हती.

आज नव्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणाची पाळी होती. प्रश्न जुनाच. माणूस आयुष्यभर तोच राहतो, तो कशाच्या जोरावर? वकील म्हणत, आठवणींच्या. बाई म्हणत, माणूस एकट्याच्या डोक्यात मावतच नाही, तो थोडाथोडा त्याच्या माणसांतही असतो. यावर दोघं वर्षानुवर्षं मजेत भांडली होती. मग वकिलांच्या आजाराचं निदान झालं. त्यांची स्मृती जात होती, आणि भांडणातली सगळी मजा तिथेच संपली.

जिन्यात वकिलांच्या लेकीने बाईंचा हात धरला.

"मावशी, आज बाबांची बाजू तुम्हीच मांडणार ना?"

"नियमच आहे तो, बाळ."

"मग जरा मवाळ करून मांडा. त्यांना अजून सगळं कळतं हो. आठवणी गेल्या की माणूस संपला, असं त्यांच्या तोंडावर..."

बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. खरं तर त्यांच्याही जिवावरच आलं होतं.

सगळे बसल्यावर बाई उठल्या. वकिलांच्या मते आठवणींना फार महत्त्व आहे, असं त्यांनी सांगितलं. अर्थात सवयी आहेत, स्वभाव आहे, माया आहे. या गोष्टीही वकील नाकारत नाहीत. बाई बोलत राहिल्या. वकील कपाळाला आठ्या घालून ऐकत होते.

"हे कोणाचं म्हणणं?" त्यांनी मध्येच विचारलं.

लेकीने मान खाली घातली. झालं, बाबा स्वतःचंच मत विसरले, असं तिला वाटलं. खरं तर सगळ्यांनाच तसं वाटलं.

"बाई, हे माझं नाही," वकील म्हणाले. "इतका गुळमुळीत मी कधी होतो? दया करायची तर घरी येऊन करा. या खोलीत मला अजून कुणीतरी भांडायच्या लायकीचा समजतं, म्हणून येतो मी."

बाईंचा चेहरा उतरला. चांगुलपणाच्या नावाखाली आपण या माणसाला त्याच्या हयातीतच मोडीत काढलं, हे त्यांना लख्ख कळलं. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"ज्याला आपला काल आठवत नाही, तो कालचा माणूस नव्हे. चेहरा तोच असेल, नाव तेच असेल. घरची माणसं तितकीच माया करतील. पण ती माया असते एका गेलेल्या माणसावर, समोर बसलेल्यावर नव्हे."

"हो, हेच," वकील म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. "आता घ्या आक्षेप."

एरवी बाई वाद घालायच्या त्या खरं काय ते कळावं म्हणून. आज त्यांना जिंकायचं होतं.

"माझ्या पहिल्या व्याख्यानाला मी घाबरून अर्ध्यातून पळाले, असं तुम्ही सांगता. मला त्यातलं काहीही आठवत नाही. मग ती मी नव्हतेच? माझं काही तुमच्यापाशी आहे, तुमचं काही माझ्यापाशी. एकाच्या हातून सुटलं म्हणून ते नाहीसं होत नाही."

वकील उठले. बोट वर करून, जुन्याच ऐटीत. "मुद्दा असा आहे, की..."

पुढचं वाक्य आलं नाही. बोट तसंच हवेत राहिलं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, मग बाईंकडे वळले.

"बाई, यावर माझं काय उत्तर असायचं?"

बाईंना ते उत्तर पाठ होतं. गिळून टाकलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता, आणि प्रकरण त्यांच्याच बाजूने संपलं असतं.

"तुम्ही म्हणायचात," त्या सावकाश म्हणाल्या, "दुसऱ्याने जपलेली आठवण ही त्या दुसऱ्याची आठवण. माझा फोटो तुमच्या भिंतीवर आहे, म्हणून मी काही तुमच्या घरात राहत नाही."

"वा! एवढं छान बोलायचो मी?" वकील खूश होऊन खाली बसले. "मग? आहे का यावर काही उत्तर?"

बाईंनी खूप शोधलं. काही सापडेना, आणि डोळे भरून आल्यामुळे समोरचं नीट दिसेनाही.

"आज नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या बैठकीला देते."

"चालेल. फक्त त्याआधी माझं म्हणणं मला एकदा सांगा."

"सांगेन," बाई म्हणाल्या. "दर वेळी सांगेन."