पुरुषांची ओळ

चार गावांची चार चर्चं आणि पाळक एकटा. रविवार म्हणजे त्याला उपासनेइतकाच गाडी हाकण्याचा दिवस. एका गावात आशीर्वाद द्यायचा, झगा काढून मागच्या सीटवर टाकायचा आणि पुढच्या गावात तोच चुरगळलेला झगा पुन्हा अंगावर चढवायचा. त्याला इथे पाठवताना वरिष्ठ म्हणाले होते, माणसं कमी होत चाललीत, काहीतरी बदल कर, नाहीतर दारांना कुलपं लागतील. सांगणाऱ्याचं काय जातं.

त्याने बदल केले. दोन गावांच्या संध्याकाळच्या उपासना एकत्र केल्या, प्रवचन अर्ध्यावर आणलं, उपासनेनंतर मागच्या खोलीत चहा सुरू केला. दर वेळी कोणी नाक मुरडलं, कोणी रुसून बसलं, आणि दर वेळी पहिल्या गावातला म्हातारा सुतार त्याच्या बाजूने उभा राहिला. त्याला सगळे खर्जकाका म्हणत. हा बोलायला लागला की कपाटातल्या बरण्या थरथरतात, असं त्याची बायको म्हणायची. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. शुक्रवारी संध्याकाळी पाळक त्याच्या कामाच्या खोलीत भुशात पाय रोवून बसायचा. चारही गावांत त्याला ‘पाळकसाहेब’ म्हणणारे पुष्कळ होते. ‘बस रे’ म्हणणारा हा एकच.

पहिल्या गावात गाण्याची एक जुनी रीत होती. मधल्या वाटेच्या डावीकडे बायका बसत, उजवीकडे पुरुष. गीताची पहिली ओळ बायकांची, दुसरी पुरुषांची, पुन्हा तसंच, आणि ध्रुपद सगळ्यांचं. दोन्ही बाजू भरलेल्या असायच्या तेव्हा हा सामना ऐकायला म्हणे शेजारच्या गावातून लोक यायचे. मग तरुण कामाला शहरात गेले, म्हातारे देवाघरी गेले, आणि उजवीकडे उरला एकटा खर्जकाका. डावीकडच्या दहा-बारा जणी आपली ओळ म्हणत आणि गप्प होत. उजवीकडून एकच आवाज उठे. बाकं भरलेली असली की माणसांची अंगं, त्यांचे कपडे आवाज पिऊन टाकतात. रिकामी बाकं काही पीत नाहीत. त्यामुळे तो आवाज छतापर्यंत जाऊन भिंतींवरून परत येई, आणि अलीकडे त्यातला प्रत्येक ओरखडा ऐकू येई. ओळीच्या मध्येच त्याचा श्वास संपे. बायका पायांकडे बघत उभ्या राहत.

पाळकाला ते बघवेना. रीतीप्रमाणे त्याने वेदीजवळून फक्त ध्रुपद म्हणायचं. उरलेला वेळ त्याला वाटे, आपण एका म्हाताऱ्याची दर आठवड्याला परीक्षा घेतोय आणि तो दर आठवड्याला नापास होतोय.

एका रविवारी त्याने सांगून टाकलं, “आजपासून सगळ्या ओळी सगळ्यांनी म्हणायच्या. बाजूबिजू काही नाही.”

विचारलं कोणालाच नाही. चहा सुरू करायला त्याने दोन सभा घेतल्या होत्या. एवढ्याशा गोष्टीला काय विचारायचं?

गाणं खरंच सुधारलं. इतकं, की चहाच्या वेळीही त्याचीच चर्चा. मंडळीत एका घरातल्या दोन जावा होत्या, दोघी विधवा, एकमेकींवाचून करमत नसलेल्या. त्यांतली थोरली म्हणाली, “इतकी वर्षं अर्धंच गीत म्हणत होतो की आपण. बाकीचं पाठ असून नुसतं गिळायचं.”

“गिळून गिळूनच तब्येत झाली तुमची,” धाकटी म्हणाली.

सगळ्या हसल्या. पाळकही हसला. खर्जकाका केव्हा उठून गेला, कोणाच्याच लक्षात आलं नाही.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही. तेव्हा पाळक शुक्रवारी त्याच्याकडे गेला. काका फळीला रंधा मारत होता.

“बसा,” तो म्हणाला.

हे ‘बसा’ पाळकाला टोचलं. “तब्येत बरी आहे ना, काका?”

“तब्येतीला काय धाड भरलीय.”

“मग येत का नाही?”

“कशाला? गाणं चाललंय की. रस्त्यापर्यंत ऐकू येतं. छान होतंय.”

“तुम्हाला त्रास नको म्हणून केलं मी. एकट्याला ओढत न्यावं लागायचं.”

“त्रास होतो असं मी कधी म्हटलं?”

“श्वास पुरायचा नाही तुम्हाला.”

“नाही पुरायचा. मग त्या थांबायच्या.” काकाने रंधा उलटा करून त्यात अडकलेली साल बोटाने काढली. “तुला सांगतो. मी उठतो तेव्हा चहाला कोणी थांबलेलं नसतं. जेवायला नाही. दुकानदार सामान हातात देतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघतो. त्यात त्याची काही चूक नाही. पण आठवड्यातून एकदा, माझी ओळ संपेपर्यंत सगळ्या थांबायच्या. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंचं बोट तसंच दाबलेलं. माझ्याशिवाय गीत पुढे सरकायचं नाही. आता सरकतं.”

पाळकाने बायकांच्या त्या शांततेत आजवर फक्त कीव ऐकली होती. तो म्हणाला, “मी जुनी रीत परत आणतो.”

“त्यांना विचार आधी. या वेळी तरी.”

विचारणं सोपं नव्हतं. काकाचं बोलणं चारचौघींत मांडायचं म्हणजे त्याचे फाटके कपडे दोरीवर वाळत घालण्यासारखं. म्हणून कारण न देताच त्याने विषय काढला.

“म्हणजे परत गप्प बसायचं?” थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. “तोंड उघडायला तुम्हीच लावलंत, पाळकसाहेब. आता मिटा म्हणता.”

त्यांचंही खरंच होतं. बराच वेळ खल झाला. शेवटी ऑर्गन वाजवणाऱ्या निवृत्त शिक्षिका वर्गात निकाल सांगावा तशा म्हणाल्या, “एक गीत. शेवटचं. बाकीची आमची.”

हा निरोप घेऊन पाळक काकाकडे गेला. “मीही म्हणतो तुमच्याबरोबर,” तो उत्साहाने म्हणाला. “दोघे असलो की जोर येईल.”

“तू नको,” काका म्हणाला. “तू पण थांब.”

रविवारी काका आला तो प्रवचन संपल्यावर.

“प्रवचन बुडालं तुमचं,” धाकट्या जाऊबाई कुजबुजल्या.

“तेवढाच फायदा,” काका म्हणाला आणि उजवीकडे आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

बायकांची ओळ संपली. काकाने सुरुवात केली, निम्म्यावर त्याला ठसका लागला. तो वाकून खोकला, मग सरळ झाला, बाकाचा कठडा धरला. बाईंनी सूर दाबून धरला. थोरल्या जाऊबाईंचे ओठ पुढच्या शब्दासाठी उघडले होते, ते त्यांनी मिटून घेतले. पाळकाला पुढच्या गावाला पोचायचं होतं, त्याची नजर मनगटाकडे वळली आणि त्याने हात पाठीमागे नेला. काकाने राहिलेली अर्धी ओळ सावकाश, शब्द न शब्द, पूर्ण म्हटली. गीताची कडवी पुष्कळ होती. त्याने एकही सोडलं नाही.

चहाला तो थांबला नाही. दारात पाळकाने विचारलं, “शुक्रवारी येऊ?”

“बघू,” काका म्हणाला.

पाळकाने झगा न काढताच गाडी काढली. दुसऱ्या गावात पोचला तेव्हा चांगलाच उशीर झाला होता. पायऱ्या चढतानाच आतून गाणं ऐकू आलं. तिथल्या पोस्टमनने उपासना सुरू केली होती. त्याचा आवाज आत्मविश्वासाने पुढे जात होता आणि मंडळी त्याच्यामागे. पाळकाचा हात दाराच्या कडीवर होता. एक कडवं संपलं, दुसरं लागलीच सुरू झालं.

त्याने कडी सोडली आणि गीत संपेपर्यंत बाहेरच थांबला.