छायाच्या न जेवण्याची कीर्ती

बापूराव गेले त्याला पाच महिने झाले, पण त्यांच्या मुलीच्या डोळ्यांतून अजून टिपूस पडलं नव्हतं. छाया कॉलेजात ग्रंथपाल. शोकावर तिने पुष्कळ वाचलं होतं. त्यातलं तिला काहीच होत नव्हतं. घास मात्र छातीत अडायचा. तेरवीला ती दोन घास खाऊन ताटावरून उठली, तेव्हा पुलगावची नलूआत्या पंगतीत मोठ्याने म्हणाली, "पाहा, पोरीचा बापावर किती जीव!"

छायाला बरं वाटलं. चला, एक तरी पुरावा निघाला.

मग तिने तो जपला. अकरा किलो वजन उतरलं, आडवं झालं की खाल्लेलं वर यायचं, तरी ती दवाखान्यात जाईना. दुःखावर औषध घेणं तिला हलकेपणाचं वाटे. शेवटी मंजुषावहिनीने तिला ओढतच नेलं.

"कधीपासून होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"वडील गेल्यापासून," छाया गंभीरपणे म्हणाली.

"काहीतरीच सांगता, ताई!" वहिनी मध्येच बोलली. "बाबा होते तवाच तुम्ही घासागणिक पानी पेत होत्या. तेच तर टोकत होते तुमाले."

बेरियम पाजून एक्स-रे काढला. अन्ननलिका वर फुगलेली, खाली चोचीसारखी निमुळती. आजाराचं नाव अकॅलेशिया. तळाचा स्नायू गिळताना सैल पडत नव्हता, एवढंच. डॉक्टरांनी दुर्बिणीतून फुगा घालून तो ताणला.

आठवड्याने नलूआत्या पिपरी मेघे गावातल्या घरी भेटायला आली, तेव्हा छाया तिसऱ्यांदा वरणभात घेत होती.

"अव माय! मी तर साऱ्या पुलगावात सांगून बसली, पोरीनं बापापायी अन्न सोडलं म्हणून!"

घास निमूटपणे खाली गेला. डॉक्टरांनीच बळजबरी केली, असं एक वाक्य छायाने मनात तयारही केलं. मग तिलाच लाज वाटली.

"आत्या, ते दुःख नव्हतं. आजार होता. बाबांच्या आधीपासूनचा."

"अन् बापाचं काय मंग?"

पुस्तकांतलं सगळं बाजूला सारून छायाने ताटातला भात कालवला.

"आठवण येते मले," ती म्हणाली.

 आत्याने पातेलं ओढून छायाच्या भातावर वरण वाढलं.

"मलेई येते," ती म्हणाली, आणि मंजुषाकडे स्वतःसाठी ताट मागितलं.