घाटमाथ्यावरची झोप

वरदला सांगायचं होतं, की बाबा रे, पुरे झालं, आम्हाला लवकर पुण्याला पाठव. सांगायचं कुणी, यावरून मी आणि अरुणा महिनाभर एकमेकांकडे बोट दाखवत होतो. आई म्हणून तिने सांगावं, हे माझं मत. बाप म्हणून मी, हे तिचं.

एकुलता एक मुलगा. इंग्लंडात मिल्टन कीन्सला एकटाच राहतो, आठवडाभर कॉम्प्युटरसमोर मान मोडून बसतो, आणि शनिवार उजाडला की आम्हाला गाडीत कोंबतो. किल्ले झाले, चर्चेस झाली, बागा झाल्या. माझ्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. पण पोराची हौस, म्हणून आम्ही ब्र काढला नाही.

त्या ऑक्टोबरात त्याने पूर्वेच्या समुद्रावर सूर्योदय दाखवला आणि त्याच दिवशी पश्चिमेच्या समुद्रावर सूर्यास्त दाखवायचं ठरवलं. सूर्य तोच, पाणीही तसंच. पण बोलून वाईट कोण होणार?

"सूर्यास्त झाला की तुम्ही सांगा," अरुणा मागच्या सीटवरून कुजबुजली. मी मान डोलावली.

मध्ये हार्डनॉटचा घाट होता. रस्ता एवढा अरुंद, की समोरून गाडी आली की एकाने मागे जायचं, आणि दर वेळी आमचा वरदच मागे जायचा. वळणावर मेंढ्या ठाण मांडून बसलेल्या. खाली दरी फार देखणी होती म्हणे. मी डोळे मिटून घेतले होते.

"वरद, माथ्यावर थांब रे. घाटाच्या देवाला नाणं टाकायचंय."

"आई, इथे शिंग्रोबा कुठून येणार?"

"घाट आहे ना? मग देव असेलच."

खंडाळ्याच्या घाटातल्या शिंग्रोबाला तिने कधी नाणं चुकवलं नव्हतं. इथे दगडांची एक रास दिसली. तिने तिच्यावर नाणं ठेवून हात जोडले. "तुम्हाला नीट सांगता यावं, एवढंच मागितलं," म्हणाली.

परत आलो तर वरद स्टिअरिंगवर डोकं ठेवून गाढ झोपलेला. अरुणाने त्याच्या पाठीवर शाल टाकली. आम्ही गाडीच्या आडोशाला बसून दशम्या खाल्ल्या. सूर्य ढगांमागे कधी गेला कळलंही नाही. उठवायचा धीर दोघांनाही झाला नाही.

तो दचकून जागा झाला. "बाबा, उठवायचं ना. सनसेट मिस झाला. सॉरी, पुढच्या वीकेंडला आपण वेल्सला..."

"वरद, आम्ही फार थकलोय रे," मीच बोलून टाकलं. "आम्हाला घरी जायचंय."

त्याने पाठीवरची शाल काढून तिची घडी घातली.

"मला वाटलं, घरात बसून तुम्ही कंटाळाल आणि लवकर जातो म्हणाल," तो म्हणाला. "म्हणून फिरवत होतो. मी पण जाम दमलोय, बाबा."

अरुणाने माझ्याकडे पाहिलं, पण या वेळी बोट दाखवलं नाही.

"तिकीट आहे त्याच तारखेचं राहू दे," ती म्हणाली. "फक्त शनिवारी आम्हाला उठवू नकोस."

"आणि तूही उठू नकोस," मी म्हटलं.