जप्तीची लाकडं

अठ्ठावीस वर्षांत पहारेकरी बोझोरबोय अकांनी होसियतकडे स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं. आणि मागितलं तेव्हा नेमकं तेच मागितलं, जे तिच्या हातात असूनही तिला देता येत नव्हतं.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. वाळवंटात झाडं लावणाऱ्या संस्थेच्या कोठारात साक्सोवुलचं, म्हणजे वाळू धरून ठेवणाऱ्या झाडाचं, बी चाळायचं काम जोरात चाललं होतं. हे बी मोठं नखरेल. त्याला पंख असतात, फुंकर मारली तरी उडतं, आणि वर्षभर ठेवलं तर मरून जातं. म्हणून या दिवसांत होसियत कोणाला कोठाराचं दार सताड उघडू देत नसे. अकांनी ते पुरतं उघडलं, वाऱ्यासकट आत आले आणि बायकांनी केलेला आरडाओरडा कानावर न घेता तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"होसियत, उद्या दुपारी इलहोम येतोय मला न्यायला."

"माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे. ताश्कंदला पोराकडे नवव्या मजल्यावर राहणार म्हणे तुम्ही. तिथून वाळू दिसते का?"

"धूळ दिसते. थट्टा पुरे. मला निरोपाचा झगा नको, भाषणं तर नकोच. मागच्या ढिगातली चार लाकडं दे. कुमगानच्या किटलीत चहा उकळू. तळावर उकळायचो ना, तसा. तू आणि मी, बस."

होसियतच्या हातातली चाळणी थांबली. शेजारची नफोसत, संस्थेतली सगळ्यांत नवी मुलगी, काम सोडून ऐकायला लागली.

"साक्सोवुल जाळायचं? आणि हे तुम्ही सांगताय, अका?"

"मीच सांगतोय. त्या ढिगातलं एकेक लाकूड मी पकडून आणलंय. चार मागायचा हक्क नाही मला?"

"तुम्हाला दिली तर बाकीच्यांना काय तोंड दाखवू? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं?"

"सांग, म्हातारा हट्टाला पेटला होता."

"नाही अका."

अकांनी डोक्यावरची टोपी घट्ट केली. "सुंभ जळेल, पण तुझा पीळ जळायचा नाही," म्हणाले आणि निघाले. या वेळी दार त्यांनी अगदी हळू लावलं. आदळलं असतं तर तिला इतकं लागलं नसतं.

हा ढीग म्हणजे आमच्या किझिलरावोत गावातलं एक प्रकरणच आहे. संस्थेच्या इमारतीमागे, भिंतीला टेकून, माणसाच्या डोक्यावर गेलेला, राखाडी वाकड्यातिकड्या लाकडांचा. वाळवंटात कोणी चोरून साक्सोवुल तोडलं आणि पहारेकऱ्याने पकडलं की ते तिथे येऊन पडतं. जाळायचं नाही, कारण नियम आहे. विकायचं नाही, कारण मग आपणच लाकूडवाले झालो. शाळेला द्यावं, तर शाळा पुढच्या चोरीची वाट बघत बसेल. सरकारी खात्याला पत्र टाकलं होतं, त्याचं उत्तर अजून वाटेत आहे. ढीग आपला वाढतोय, आणि त्यात सरड्यांची चौथी पिढी नांदतेय. गावात त्याला 'होसियतची बँक' म्हणतात. तिथे सगळं जमा होतं, निघत काही नाही.

नियम तिनेच लिहिलेला. पहिल्यांदा त्यात एवढंच होतं की हिरवं झाड तोडायचं नाही, वाळलेलं चालेल. पण आमची माणसं काय साधी? उन्हाळ्यात गुपचूप जाऊन बुंध्याची साल गोल सोलून यायची, आणि हिवाळ्यात "बिचारं वाळलं हो" म्हणत गाढवावर लादून न्यायची. तेव्हा होसियतने नियम पुन्हा लिहिला. हिरवं नाही, वाळलेलं नाही, काडीसुद्धा नाही. सख्ख्या दिराची गाडी तिने भर रस्त्यात रिकामी करायला लावली. दीर तीन ईद तिच्या घरी आला नाही. पण पाच-सात वर्षांत लोकांना कळून चुकलं, की ही बाई कोणासाठीच वाकत नाही, आणि मग त्यांनी नाद सोडला. नियम टिकला तो एवढ्यामुळेच. हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तिने अकांना तोंडावर नाही म्हटलं.

म्हटलं खरं, पण तेव्हापासून तिचं चाळणीत लक्ष लागेना.

सुरुवातीला चौघंच होते. ज्यांनी संस्था काढली ते मास्तर, बोझोरबोय अका, होसियत आणि तिचा नवरा नोरकुल. मेंढपाळांनी सोडून दिलेला एक तळ, दोन खोल्या, एक जुनी लॉरी. नोरकुल लॉरी चालवायचा आणि बाकीचे मागे उभे राहून मुठी भरभरून बी फेकायचे. तो हटकून खड्ड्यांतून गाडी न्यायचा. मास्तर आपटले की ओरडायचे, आणि नोरकुल खिडकीतून डोकं काढून साळसूदपणे विचारायचा, "मास्तर, काही सांडलं का?" ऊन उतरलं की अका साक्सोवुलचं लाकूड दगडावर आपटून फोडायचे. ते करवतीला दाद देत नाही, पण आपटलं की चिनी मातीच्या भांड्यासारखं फुटतं. कोळशासारखं जळतं, धूर जेमतेम, पण वास असा की कपड्यांतून आठवडाभर जात नाही. थोडा कडसर, थोडा गोड. तिच्या आईच्या तंदुरालाही तोच वास होता.

आपण जे वाचवायला निघालोय तेच जाळून चहा पितोय, हे वर्षभर एकाच्याही ध्यानात आलं नाही. मग एक दिवस मास्तरांनी पियाला तोंडाजवळ नेता नेता खाली ठेवला. "अरे, आपण करतोय काय?" सगळे पोट धरधरून हसले. दुसऱ्या दिवशी गॅसची टाकी आली. चहाची चव गेली ती कायमची.

मास्तर गेले. नोरकुललाही जाऊन अकरा वर्षं झाली. त्याचा कापूस भरलेला अंगरखा होसियतने धुतला नव्हता, तरी त्यातला धुराचा वास दोन वर्षांत उडून गेला. अकांनी चहाचं नाव काढलं तेव्हा तिला आधी तो अंगरखाच आठवला होता. नाही म्हणणारी होसियत आणि मनातल्या मनात त्या धगीजवळ हात शेकणारी होसियत, दोघी एकाच स्टुलावर बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी अंगणात निरोपाचा पुलाव झाला, अर्थातच गॅसवर. अका सगळ्यांशी बोलले, अगदी ज्यांची गाढवं त्यांनी पकडली होती त्यांच्याशीसुद्धा गळाभेट झाली. फक्त होसियतकडे त्यांनी पाहिलं नाही. त्यांच्यासमोरचा पुलाव निवत होता. ती दुरून बघत होती. वाळवंटात एका भाकरीचे चार तुकडे करून खाल्लेला माणूस, आता पुन्हा कधी दिसेल ते सांगता येत नाही, आणि त्याला आपण चार लाकडांपायी रुसलेला पाठवतोय. तिला राहवेना. ती उठली, कोठारातून जुना कुमगान काढला, घासला, पाण्याने भरला.

"नफोसत, जरा वेळ कोणाला मागे येऊ देऊ नकोस."

"होसियत ओपा, तुम्ही खरंच..."

"भांडी धू."

ढिगाजवळ तिने आधी इकडेतिकडे पाहिलं. अठ्ठावन्न वर्षांची बाई चोरपावलांनी पुढे सरकली. वरची चार लाकडं तिने उचलून कवेत घेतली.

"ती नकोत."

बोझोरबोय अका कोपऱ्यावर उभे होते. तिच्या हातातली लाकडं बघून त्यांचा चेहरा एकदम उजळला होता.

"ती त्या कबाबवाल्याकडून पकडलेली. सगळ्यांत खालची काढू. ती बघ, भिंतीलगत. सात आहेत. ती तुझी."

"माझी कुठून आली?"

"नोरकुलची."

होसियतला वाटलं, जाता जाता म्हातारा चेष्टा करतोय. पण अका हसत नव्हते. गुडघ्यावर बसून ते भिंतीजवळची लाकडं एकेक करून ओढत होते.

"तो थंडीचा तडाखा आठवतो?" ते म्हणाले. "नऊ दिवस गॅस नव्हता. तुझ्या छातीत कफ दाटला होता, तापात बडबडत होतीस. तेव्हा हा मोटारसायकल घेऊन गेला होता. जुन्या विहिरीपाशी मला आडवा आला, मागे ही सात लाकडं बांधलेली. मी म्हटलं, जा बाबा, मी काही पाहिलं नाही. आईची शपथ घेऊन सांगतो होसियत, मी त्याला जा म्हटलं. तोच जाईना. म्हणाला, 'तू नाही पाहिलंस, पण ती बरी झाल्यावर विचारेल ना, घर कशानं तापवलंत म्हणून. खोटं मला तिच्यापुढे जमत नाही. आणि खरं सांगितलं तर ती गावात मान वर करून कशी चालेल?' मग स्वतः इथवर आला, स्वतःच्या हाताने इथे ठेवली. मला म्हणाला, तिला कळलं तर आपली दोस्ती संपली. मग घरी जाऊन त्याने काय जाळलं, ते तुला माहीत आहे."

माहीत होतं. आईची पेटी. तुतीच्या लाकडाची, पत्र्याची नक्षी असलेली, आजीकडून आईला आणि आईकडून तिला आलेली. ताप उतरल्यावर तिने डोळे उघडले, तेव्हा कोपरा रिकामा होता आणि पेटीवरच्या गोधड्या जमिनीवर रचलेल्या होत्या. पेटी कुठे, असं विचारल्यावर नोरकुल एवढंच म्हणाला होता, "थंडी होती." त्यावरून तिने त्याला किती बोलावं? दार जाळायचं होतं, पाट जाळायचा होता, माझ्या आईचीच पेटी बरी दिसली! उठता बसता, पाहुण्यांसमोरसुद्धा. तो मान खाली घालून हसायचा, आणि त्या हसण्याने ती आणखी चिडायची. पुढच्या शरदात तो लॉरीत बसल्या बसल्या गेला. त्या दिवशी सकाळीही गोधड्यांच्या घड्या घालताना तिने पेटीवरून टोमणा मारला होता.

होसियत वाळूत बसली. कवेतली लाकडं कधी गळून पडली ते तिला कळलं नाही.

"काल का नाही सांगितलंत?"

"त्या बायकांसमोर? आणि शब्द दिला होता. म्हटलं, आधी पेटवू, मग सांगू. बारा वर्षं या भिंतीजवळून मान खाली घालून गेलोय मी. माझ्यामागे ही इथे अशीच पडून राहिली तर त्या नवव्या मजल्यावर मला झोप लागायची नाही. त्याने तुझ्यासाठी आणलेली ऊब आहे ही. तुला मिळायला हवी." अकांनी खिशातून काडेपेटी काढली. "चहाचं काय, तो गॅसवरही होतो."

काडी ओढायच्या आत तिने त्यांचा हात धरला.

"नको अका."

"अगं, आता तरी ऐक!"

"आता तर मुळीच नाही. मघाशी पेटवणार होते मी, तुमच्यासाठी. लाज सोडून पेटवणार होते. पण मी मरायला टेकले होते, तरी त्यांनी ही जाळली नाहीत. माझ्या आईची पेटी जाळली, वर वर्षभर माझी बोलणी खाल्ली. मी ही एका चहासाठी जाळू?"

अकांनी काडी परत काडेपेटीत ठेवली. मग काडेपेटी खिशात गेली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाने ते हसत होते. "नवरा-बायको म्हणजे एका माळेचे मणी," ते म्हणाले. "मध्ये मी मेलो बारा वर्षं."

"मेला नाहीत. आणि आता सुटलात," ती म्हणाली.

दोघांनी मिळून सातही लाकडं होती तिथे परत ठेवली, कबाबवाल्याची चारही वर रचली. तेवढ्यात बाहेर इलहोमच्या गाडीचा भोंगा वाजला. नफोसतने कुमगान नेऊन गॅसवर चहा केला होता, तो दोघांनी उभ्या उभ्या घेतला.

"बेचव," अका म्हणाले.

"आहेच."

"पण गरम आहे." त्यांनी पियाला रिकामा करून तिच्या हातात दिला, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि गाडीत जाऊन बसले. गाडी वळणापलीकडे गेली तरी गावकरी हात हलवत होते.

होसियत मात्र पुन्हा मागे गेली. ढिगाशी वाकून तिने तळातल्या एका लाकडावर हात ठेवला. ते उन्हाने कोमट झालं होतं. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून ती बोलली, घरात बोलायची तशी, जरा दटावल्यासारखंच.

"अहो, थंडी होती ना? मग बरं केलंत पेटी जाळलीत ते."