जनाज्याचा दगड

दुरसुनच्या धाकट्या नातवाची सुंता झाली, त्या वर्षीची गोष्ट. पाहुण्यांची जेवणं उरकली, तसा दुरसुनचा धाकटा भाऊ बेकिर मशिदीच्या अंगणात पालथा पडला आणि जनाज्याच्या दगडाखाली हात घालून चाचपू लागला. बोटांना खाच लागली. वर टेकडीवर हित्ती लोकांचं हजारो वर्षांपूर्वीचं पडकं शहर होतं. तिथल्या डागडुजीचा बेकिर मुकादम. वेशीच्या भिंतीत एक दगड नव्हता, आणि ह्या खाचेत बसेल असा उंचवटा त्या पोकळीत होता.

“ऊठ, लोक बघताहेत,” दुरसुन म्हणाला. “पिलाफचा भात जास्त झाला का?”

“दादा, हा वेशीचाच आहे.”

“मग? आजोबांनीच बैल जुंपून आणलाय. ह्याच्यावर त्यांची मयताची पेटी ठेवली, बाबांची ठेवली, आईची ठेवली. आता पाळी माझी. माझ्या जनाज्याचा नमाज होऊ दे, मग खुशाल ने.”

“तोवर भिंत खाली आली तर?”

“मी काय शंभर वर्षं जगतोय?” दुरसुन हसला, आणि हसता हसता खोकत खाली बसला.

मशिदीची देखभाल दुरसुनकडे होती. तो नाही म्हणाला, तर गाव त्या दगडाला हात लावणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खोदकामाच्या प्रमुख नुरतेनबाई वेशीपाशी आल्या.

“मुकादम, जुना दगड मिळत नसेल तर नवा घडवून घेऊ. पण तो एकदा बसला की पुन्हा निघायचा नाही.”

बेकिरने वरच्या दगडांखालचा लाकडी टेकू हाताने ठोकून पाहिला.

“हिवाळा काढेल,” तो म्हणाला.

संध्याकाळी त्याने स्वतःच्या गोठ्यातला वासा आणून शेजारी दुसरा टेकू दिला.

हिवाळाभर गावाचे कान दुरसुनच्या खोकल्याकडे होते. बर्फ वितळला, आणि एका सकाळी बेकिर चहा पिता पिता भिंतीला टेकला, तो उठलाच नाही.

त्याची पेटी दगडावर ठेवली. इमामांनी रिवाजाप्रमाणे विचारलं,

“हा माणूस कसा होता?”

“चांगला होता.”

“तुमचं ह्याच्याकडे काही राहिलं असेल, तर माफ केलंत?”

“माफ केलं.”

तीनदा विचारलं, तीनदा गावाने उत्तर दिलं. पहिल्या रांगेतला दुरसुन तिन्ही वेळा गप्प होता. सगळे थांबल्यावर तो एकटाच म्हणाला,

“माफ केलं.” आणि मग हळूच, “तूही कर रे.”

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर टेकडी चढून वेशीपाशी आला. मागच्या ट्रॉलीत जनाज्याच्या दगडाशेजारी दुरसुन बसला होता.

“मुकादमाने पाठवलाय,” तो नुरतेनबाईंना म्हणाला.

दगड बसवायला संध्याकाळ झाली. गोठ्याचा वासा दुरसुनने स्वतः काढला आणि खांद्यावर टाकून टेकडी उतरला.

बेकिर मार्चमध्ये वारला, एकसष्टाव्या वर्षी. दुरसुन त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात गेला. त्याची पेटी सिमेंटच्या ओट्यावर ठेवली होती.